पढविलेला साक्षीदार

गेल्या आश्विनात, नवरात्राच्या दिवसांत, आमच्या गावच्या देवळाशेजारील सभागृहात छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरले होते. विषय दोनच : परसातील पशुपक्षी आणि शरद ऋतूची शोभा. चित्रे काढणारी सारी मंडळी हौशी. कोणी शिक्षक, कोणी बँकेतील कारकून, कोणी औषधविक्रेते, एकदोन महाविद्यालयीन विद्यार्थी. आरती आटोपून बाहेर पडणारे लोक आत शिरत, भिंतीवरील चाळीसेक चित्रांपुढून हळूहळू फिरत आणि ‘अरे, हा तर आपल्या विहिरीवरचा खंड्या!’ असे म्हणत कौतुकाने थबकत. मीही तीन संध्याकाळी तेथे गेलो. जे पाहिले त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. ते सगळेच स्तुतीचे नसतील, म्हणून आरंभीच त्या मंडळींची क्षमा मागून ठेवतो.

या छंदाचे श्रेय मात्र प्रथम मान्य केले पाहिजे. आपण परसाकडे पाहतो ते फणस उतरविण्यापुरते आणि केर टाकण्यापुरते. त्याच परसात किती बिऱ्हाडे नांदतात याचा पत्ता या मंडळींनी आपल्याला दिला. पाटाच्या कडेला निश्चल बसलेला बेडूक, सुपारीच्या पोफळीवरून उलटी उतरणारी खार, जास्वंदीच्या फुलात चोच बुडविणारा शिंजीर, भिंतीवर दिव्याखाली टपून बसलेली पाल : ही सारी आपल्या घरची माणसेच, पण त्यांचे चेहरे आपण कधी नीट पाहिले नव्हते. दूरच्या अभयारण्यात जाऊन वाघाचे चित्र आणणे पैशाचे काम आहे. आपल्याच कुंपणातील मुंगूस रोज पाहत राहणे मनाचे काम आहे. या दृष्टीने प्रदर्शन स्तुत्य होते.

परंतु गर्दी होती ती दोन चित्रांपुढे. एकात खंड्या पाण्यातून मासा घेऊन उसळत होता; पाण्याचा थेंब न् थेंब मोत्यासारखा सुटा दिसत होता. चित्र काढणाऱ्या गृहस्थांनी मोकळेपणाने सांगितले की, परसात टब ठेवून त्यात लहान मासे सोडले, वर एक फांदी बांधली, आणि आठ दिवसांत पक्षी तेथे येऊ लागला. दुसरे चित्र शिंप्याच्या घरट्याचे. चार पिल्ले चोची वासून बसलेली, अंगावर स्वच्छ ऊन, पार्श्वभूमीवर एक काडीही आडवी नाही. लोक म्हणत होते, ‘किती स्पष्ट!’ माझ्या मनात आले, इतके स्पष्ट कसे? शिंपी पानांच्या कडांना भोके पाडून कापसाच्या आणि कोळिष्टकांच्या धाग्यांनी पान शिवतो, आणि शेजारची पाने त्या शिवणीवर छत्र धरतात, ते घरटे कोणास दिसू नये म्हणूनच. कावळ्याला आणि भारद्वाजाला जे दिसू नये ते आपल्याला इतके लख्ख दिसते, याचा अर्थ मधली पाने कोणीतरी दूर केली आहेत.

वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे घालविल्याने मला एक खोड जडली आहे. छायाचित्र समोर आले की मी त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून पाहतो. रंगकुंचल्याने काढलेल्या चित्राला आपण ‘हे असे घडले काय?’ असे विचारीत नाही. छायाचित्राचे सारे वजन मात्र त्याच एका प्रश्नावर उभे आहे. ‘हे माझ्यासमोर घडले’ एवढेच त्याचे म्हणणे असते, आणि ते खोटे ठरले तर मागे उरते ती नुसती सफाई. कोर्टात आम्ही ज्याला पढविलेला साक्षीदार म्हणतो, तो बहुधा फार छान बोलतो. अडखळत नाही, विसरत नाही, वकिलाला हवे तेवढेच नेमके सांगतो. अनुभवी न्यायाधीशाला त्याचा संशय येतो तो याच सफाईमुळे.

हा दोष आपल्या गावापुरता नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे भरणाऱ्या वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि 2010 च्या जानेवारीत पारितोषिक रद्द झाले. त्याच स्पर्धेत 2017 साली एका विभागात पहिल्या आलेल्या चित्रातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असावा, असे ठरवून 2018 मध्ये तेही बाद करण्यात आले. दोन्ही चित्रे दिसण्यात अप्रतिम होती. बाद झाली ती साक्ष खोटी म्हणून.

याउलट या कलेच्या आरंभीची एक गोष्ट मला फार आवडते. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी 1892 साली एका पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले आणि पुढे 1895 मध्ये घरट्यांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी 1900 च्या सुमारास बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात उभे राहून चित्रे घेतली. दृश्य हास्यास्पद होते खरे. पण त्यांनी सोंग आणले ते स्वतःला, पक्ष्याला नव्हे. माझ्या मते या छंदाचे सारे नीतिशास्त्र या एका वाक्यात सामावते.

आपल्या देशात या नीतीचे उत्तम उदाहरण म्हणजे मद्रासचे एम. कृष्णन (1912–1996). ते कायद्याचे पदवीधर होते, हे सांगताना मला थोडा व्यवसायबंधुत्वाचा अभिमान वाटतो. 1942 नंतर काही वर्षे ते बळ्ळारीजवळच्या संडूर या घोरपड्यांच्या मराठी संस्थानात होते; तेथे त्यांनी शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी अशी नाना कामे केली. पुढे मद्रासला परतून 1950 पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गविषयक सदर चालविले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘जंगल अँड बॅकयार्ड’ असे आहे. रानातील हत्तीइतकाच आदर त्यांनी घरातल्या पालीला, कावळ्याला आणि खारीला दिला. छायाचित्रे मात्र त्यांनी कृष्णधवलच घेतली. प्राणी त्याच्या परिसरासकट दिसावा असा त्यांचा कटाक्ष असे, त्यामुळे त्यांच्या चित्रांत गवत आडवे येते, फांदी मध्ये येते, सावली पडते. आजच्या चित्रांच्या मानाने ती ओबडधोबड वाटतील, पण त्यांतील प्राणी आपल्या घरी असतो. छायाचित्रकाराच्या घरी पाहुणा म्हणून आलेला नसतो.

आता शरदाच्या चित्रांकडे वळतो. येथे पक्ष्यांना त्रास नव्हता, पण खोटी साक्ष होतीच. तीनचार चित्रांत आपल्या सत्तरीकडच्या डोंगरउतारांवर शेंदरी आणि लालभडक पानांची झाडी पेटलेली होती. हा रंग झाडांचा नव्हे, संगणकाचा होता. एका विद्यार्थ्याला विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, ‘शरद म्हणजे लाल पाने, नाही का?’ त्याचा दोष नाही. परदेशी चित्रे पाहून पाहून दुसऱ्याचा ऋतू आपल्या डोळ्यांत भरला आहे.

त्या परदेशी शरदाला कारण आहे. थंड मुलखात दिवस आखडू लागला की पानांतील हरितद्रव्य विघटित होते; त्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो; आणि उन्हाचे दिवस व गार रात्री लाभल्या की काही झाडांच्या पानांत लाल द्रव्य नव्याने तयार होते. अमेरिकेच्या ईशान्येकडील वने म्हणून तांबडी होतात. एलियट पोर्टर (1901–1990) या छायाचित्रकाराने ती वने वर्षानुवर्षे हिंडून पाहिली. हा मूळचा वैद्यकीचा पदवीधर, हार्वर्डमध्ये अध्यापन करणारा, पक्ष्यांच्या चित्रांचा हौशी. कृष्णधवल चित्रांत पक्ष्यांच्या जाती ओळखता येत नाहीत असे एका प्रकाशकाने सांगितल्यावरून तो रंगाकडे वळला. म्हणजे रंग त्याने पत्करला तोही साक्ष अधिक नेमकी व्हावी म्हणून. 1962 साली ‘इन वाइल्डनेस इज द प्रिझर्व्हेशन ऑफ द वर्ल्ड’ हा त्याचा ऋतुचक्राचा संग्रह थोरोच्या उताऱ्यांसह निघाला आणि गाजला. त्यात भव्य देखावे थोडे. ओल्या दगडावर पडलेले पान, झाडाच्या सालीवरील शेवाळ, डबक्यातील आकाश असेच पुष्कळ. पोर्टरवरही भडकपणाचा आक्षेप आला, कारण त्याच्या मुद्रणपद्धतीत रंग कमीअधिक करता येत. पण त्याने असलेला रंग उजळला. आमच्या विद्यार्थ्याने नसलेला आणून बसविला. साक्षीदाराने आवाज चढविणे वेगळे आणि न पाहिलेले सांगणे वेगळे.

आपल्याकडे पानगळ शिशिरात, आणि तांबडी पाने पाहायची तर ती वसंतारंभी. कुसुमाचे झाड फाल्गुनाच्या सुमारास लाल होते ते कोवळ्या पालवीने. तिकडे लाल रंग पानाच्या अखेरीचा, येथे तो पानाच्या जन्माचा. अपवाद हवाच असेल तर अंगणातल्या देशी बदामाचे पिकून लाल झालेले पान आहे. ते खुशाल टिपावे. पण आपला शरद पानांत नाही. तो पावसाने धुतलेल्या आभाळात आहे, पिकू लागलेल्या भाताच्या फिकट सोन्यात आहे, तुसाळ गवतावर पहाटेच्या दवाने उघडकीस आलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांत आहे, शेतावर संध्याकाळी घिरट्या घालणाऱ्या चतुरांत आहे. ज्याला हे दिसत नाही त्याला लाल रंग विकत घ्यावा लागतो.

हे सारे लिहिताना मी न्यायासनावर बसलो आहे असा वाचकांचा ग्रह होईल. तो दूर करणे माझे कर्तव्य आहे. शिंप्याच्या त्या चित्रापुढे मी थांबलो याचे कारण, तसेच एक चित्र माझ्या कपाटात आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या परसातील अंजिराच्या रोपावर शिंप्याने घरटे केले. कॅमेरा नवा होता. मध्ये येणारी तीन पाने मी कात्रीने कापली, तीनच. चित्र सुरेख आले, पाहुण्यांनी वाखाणले. तिसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. कावळ्याने नेले की आणखी कोणी, हे मी पाहिले नाही. पण वाट कोणी मोकळी करून दिली हे मला ठाऊक आहे. पुढे एका प्रकरणासाठी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडला, तेव्हा ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या डोळ्यांखालून गेली. वन्य पक्ष्यांची अंडी अगर घरटी विस्कटणे, त्यांस उपद्रव देणे, हेही तीत शिकारीतच मोडते. प्राण्यास आमिष दाखविणे हाही शब्द तेथे आहे. कायदेपंडितांनी त्या शब्दांचा कीस काढावा. मला तेवढे पुरे होते. हाती बंदूक न घेता मी शिकारी झालो होतो. ते चित्र मी त्यानंतर कोणास दाखविलेले नाही आणि फाडलेलेही नाही.

म्हणून प्रदर्शनातील जे चित्र मला सर्वांत श्रेष्ठ वाटले, त्यापुढे गर्दी नव्हती याचे मला नवल वाटले नाही. देवळाच्या तळीची ओली पायरी, तिच्यावर कोणीतरी विसरलेले निर्माल्याचे एक फूल, आणि चौकटीच्या कोपऱ्यात शेपूट हालवीत असलेला एक धोबी पक्षी, थोडासा अस्पष्ट. शेपटी हालत होती, तर ती अस्पष्टच यायची. हा पक्षी थंडीसाठी उत्तरेकडून आपल्याकडे येतो. तळीच्या पायरीवर तो दिसला की पाऊस सरला आणि शरद आला असे समजावे. चित्राखाली काढणाऱ्याने नाव लिहिले नव्हते, फक्त तिथी लिहिली होती : आश्विन शुद्ध पंचमी. साक्षीदाराने आपण काय पाहिले आणि केव्हा पाहिले एवढे सांगितले, आणि तो खाली उतरला.

पुढच्या वर्षी हे प्रदर्शन पुन्हा भरावे. मंडळींनी प्रत्येक चित्राखाली अशीच तिथी लिहावी, आणि चित्रासाठी काय हलविले, काय कापले, काय टाकले हेही एका ओळीत लिहावे. काही चित्रे भिंतीवर येणार नाहीत. मीही एक चित्र देईन म्हणतो. ते चांगले येईल याची खात्री नाही. मध्ये पाने येतील.