क्रिकेटची कार्डे : नोंद आणि शेरा

साहित्यविषयक पत्रिकेत पुस्तकांची, फार तर नाटकांची परीक्षणे यावीत असा प्रघात आहे. बबलगमच्या पुडीतून निघालेल्या कागदाच्या तुकड्यास येथे जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु जी वस्तू मुले दहादा वाचतात, तोंडपाठ करतात आणि उशाखाली ठेवून निजतात, ती परीक्षणास अपात्र आहे असे आम्हांस म्हणवत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती अद्याप टांगलेल्या आहेत, त्यांना छापील चित्राचे सामर्थ्य आम्ही काय सांगावे? 1894 साली गिरगावात निघालेल्या त्या छापखान्याने घरोघरच्या देवांना चेहरे दिले. क्रिकेटच्या कार्डांनी आमच्या मुलांच्या पिढीस खेळाडूंचे चेहरे दिले. दूरचित्रवाणी तोवर आली होती खरी, पण तिच्यातले चित्र खिशात घालता येत नसे.

1987 च्या विश्वचषकाच्या आसपासच्या वर्षांत 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर ही कार्डे मिळत. पुढे खेळाडूचे छायाचित्र, मागे काही धावा किंवा बळी. ठरावीक धावा आणि बळी जमले म्हणजे एक छोटी पुस्तिका पदरात पडे. तिची पाने अंगठ्याने झरझर सोडली की खेळाडू हालचाल करताना दिसे. आमच्या देशपांडे नगरातील कित्येक दातांचे त्या गमने नुकसान केले असेल, तो हिशेब निराळा. छपाई सुमार होती, रंग एकमेकांवर चढत. तथापि त्या कार्डाचा एक गुण मान्य केला पाहिजे : ते स्वतःस दागिना समजत नसे. ते मळे, दुमडे, अदलाबदलीत हातोहात फिरे.

पुढे 2010 च्या दशकात अमेरिकेतील टॉप्स कंपनीने आयपीएलच्या नावाने 'क्रिकेट अटॅक्स' ही मालिका भारतात आणली. प्रत्येक मोसमाची कार्डे निराळी, पुडके बंद, आत कोण निघेल ते दैवाधीन. काही कार्डे चकचकीत आणि मुद्दाम दुर्मीळ ठेवलेली. कागद उत्तम, छपाई निर्दोष. आमचा आक्षेप कार्डावरील आकड्यांस आहे. त्यावर फलंदाजीचे आणि गोलंदाजीचे गुण छापलेले असतात. ते खेळाडूने मिळविलेले नसून कंपनीने त्यास बहाल केलेले असतात. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसास हा भेद चटकन कळतो. सेवापुस्तिकेत नोंद असते आणि गोपनीय अहवालात शेरा असतो. नोंद पडताळून पाहता येते. शेऱ्यामागे मात्र साहेबाची मर्जी असू शकते. 'क्रिकेट अटॅक्स'च्या कार्डावर साराच कारभार शेऱ्यांचा आहे.

खेळ खेळावयाचा तर गुण हवेतच, असा बचाव केला जातो. तो आम्हांस पटत नाही. नव्वदीच्या दशकात आपल्याकडील मुले ट्रंप कार्डे खेळत, त्यांवर सामने, धावा, बळी, झेल यांचे आकडे असत आणि खेळ चांगला रंगे. त्या खेळात हरलेले मूलही कोणाचे किती झेल ते शिकून घरी परते.

राहुल द्रविडचे उदाहरण घेऊ. मराठी घरात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला हा मुलगा आपणां स्थायिक मंडळींस नेहमीच घरचा वाटत आला. 164 कसोटी, 13,288 धावा. 2003 साली ॲडलेडला पहिल्या डावात 233 आणि दुसऱ्यात नाबाद 72. आयपीएलमध्ये तो 2010 पर्यंत बंगळुरूकडून आणि 2011 पासून राजस्थानकडून खेळला. वीस षटकांच्या मापाने आणि एका मोसमाच्या पोशाखाने ज्या मुलाने त्यास ओळखले, त्यास ॲडलेड कोठून कळावे? उलट, आकडे कोरडे असतात हा आरोपही खरा नव्हे. शाळकरी वयात पहाटे उठून सरावासाठी गदगहून हुबळीस येणाऱ्या सुनील जोशीने 26 सप्टेंबर 1999 रोजी नैरोबीस दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 षटकांत 6 निर्धाव टाकून 6 धावांत 5 बळी घेतले. 10-6-6-5 ही नोंद ज्याला वाचता येते त्याच्यासाठी तीत सारा सामना आहे. तिच्यापुढे शंभरापैकी शंभर हा शेरा फिका पडतो.

ज्या देशातून ही रीत आली तेथे नोंदीचा मान अधिक राखला गेला, हे कबूल केले पाहिजे. बेसबॉलच्या कार्डामागे खेळाडूची वर्षवार आकडेवारी छापण्याची टॉप्सची जुनी पद्धत आहे. त्यांची मुख्य मालिकाही मोसमाबरोबर चालते : पहिला भाग मोसमापूर्वी, दुसरा मध्यावर आणि मोसम सरता सरता एक पुरवणी, जीत संघ बदललेले व नव्याने आलेले खेळाडू येतात. आपल्याकडे मोठ्या लिलावाने संघचे संघ विस्कटतात. अशी पुरवणी येथे तर अधिकच हवी होती.

मात्र तेथेही बाजाराने नोंदीवर मात केली आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी कार्डे इतकी छापली की त्यांस मोल उरले नाही. मग टंचाई मुद्दाम निर्माण करण्यात आली : अनुक्रमांक घातलेली कार्डे, स्वाक्षरीची कार्डे, खेळाडूच्या पोशाखाचा तुकडा बसविलेली कार्डे. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने 11 मे 2024 रोजी पदार्पण केले. त्या दिवशीच्या पोशाखावरील पट्टी आणि स्वाक्षरी असलेले एकमेव कार्ड एका अकरा वर्षांच्या मुलास पुडक्यात सापडले आणि मार्च 2025 मध्ये 11 लाख डॉलरांहून अधिक किमतीस लिलावात गेले. मुलाचे अभिनंदनच करावयाचे. परंतु अशा बातमीनंतर पुढचे पुडके फोडणारा मुलगा खेळाडू शोधत नसतो, सोडतीचे तिकीट फोडत असतो. गंमत अशी की 1952 ची न खपलेली कार्डे टॉप्सने 1960 साली समुद्रात बुडविली, असे त्या मालिकेचे कर्ते साय बर्गर स्वतःच सांगत. त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरांस विकले गेले. असे कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून त्यास दहापैकी श्रेणी देतात. खेळाडूपाठोपाठ कागदासही शेरा मिळाला!

तरीही या छंदास आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. दोन मुले ओट्यावर बसून 'डबल' निघालेल्या कार्डांची अदलाबदल करतात, तेव्हा तेथे घासाघीस असते, आठवण असते, वादही असतो, आणि त्यावर कंपनीची सत्ता चालत नाही. अमेरिकेतून सुटीत येणाऱ्या नातवंडांच्या बॅगांतून कार्डांच्या जाड वह्या आता आपल्या घरांतही येऊ लागल्या आहेत. आजोबांनी त्या जरूर चाळाव्यात, फक्त किंमत विचारण्याआधी कार्ड उलटवून मागची बाजू मोठ्याने वाचून घ्यावी. आकडे इंग्रजीत असले तरी वाचणारा मराठीत वाचू शकतो.