‘रेडिअन्स’चा दर्शक व पुनर्रचित देवळांचीं चित्रें : एक परीक्षण

पडलेल्या वास्तूचें मूळ रूप संगणकाच्या साहाय्यानें चितारून दाखविण्याची रीति अलीकडे संशोधकांत रूढ होत आहे. शिखर गमावलेल्या देवळास शिखर चढतें, ढासळलेला मंडप खांबांसह उभा राहतो, आणि तीं चित्रें इतकीं हुबेहूब असतात कीं, पाहणारा त्यांस छायाचित्रें समजून चालतो. अस्सल कागद व त्याची नक्कल यांतील भेद ज्यांनीं आयुष्यभर जपला, त्यांनींच या चित्रांपुढें तो विसरावा हें योग्य नव्हे. म्हणून अशीं चित्रें ज्या साधनांनीं होतात त्यांपैकीं एकाचें परीक्षण येथें योजिलें आहे.

हें साधन म्हणजे ‘रेडिअन्स’. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत ग्रेग वॉर्ड यांनीं १९८५ च्या सुमारास त्याचें काम आरंभिलें. १९९४ मध्यें एका निबंधानें त्याची शास्त्रीय बैठक विद्वानांपुढें आली. २००२ पासून त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. इमारतींतील उजेडाचें गणित करणें हा त्याचा मूळ हेतु. इतिहासाच्या कामींहि तें लागलें आहे. केट डेव्हलिन व ॲलन चामर्स यांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, पाँपेई येथील भित्तिचित्रें तेलाच्या दिव्यांच्या उजेडांत कशीं दिसत असतील हें या साधनानें दाखविलें. आपल्याकडील गाभारे समईच्या उजेडांतच पाहिले जात. तेव्हां हा मार्ग आपल्याहि उपयोगाचा आहे, यांत शंका नाहीं.

या साधनाचा पहिला गुण असा कीं, दृश्य प्रथम साध्या मजकुरांत लिहावें लागतें. प्रत्येक पृष्ठभागाचा पदार्थ, आकार, त्याचें स्वतःचें नांव आणि मग मोजमापांचे आकडे, असा त्याचा क्रम. देवळाचा काळा पाषाणहि येथें ‘प्लास्टिक’ या नांवाच्या वर्गांत मोडतो. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश किती परततो, चकाकी किती व खडबडीतपणा किती, असे पांच आकडे दिले कीं त्याचें वर्णन पुरें झालें. हा मजकूर कोणासहि वाचतां येतो, उतरून घेतां येतो, दोन प्रती ताडून पाठभेद काढतां येतात. पोथीच्या अभ्यासकास याहून परिचित वस्तु ती कोणती?

मजकुराची जुळणी झाल्यावर ‘आरव्हीयू’ हा दर्शक तें दृश्य पडद्यावर आणतो. चित्र आरंभीं ढोबळ दिसतें व क्षणोक्षणीं स्पष्ट होत जातें. मध्येंच आज्ञा टंकून दृष्टिकोन बदलावा, जवळ जावें, फिरून पाहावें. ‘व्ह्यू’ या आज्ञेनें उभें राहण्याची जागा व पाहण्याची दिशा फाइलींत नोंदवून ठेवावी. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची आज्ञा ‘ट्रेस’ ही होय. चित्रांतील एखाद्या बिंदूकडे बोट दाखवून ती दिली असतां, तेथें कोणता पृष्ठभाग आहे, त्याचें नांव काय, तो कोठें आहे व त्याचा उजेड किती, हें दर्शक सांगतो. चित्राची उलटतपासणी घेतां येते, ती अशी.

आतां दोष पाहूं. प्रकाश भिंतींवरून किती वेळां परावृत्त होतो असें धरावयाचें, हा आकडा आरंभीं शून्य असतो. मंडपाच्या सावलींतून गाभाऱ्यांत पोहोंचणारा उजेड बहुतेक परावृत्तच असतो. शून्य ठेवल्यास त्याच्या जागीं एक ठोकळ गृहीत आकडा बसतो, आणि दिसणारी छाया खरी नव्हे. ‘एक्स्पोझर’ या आज्ञेनें तर काळोखा गाभारा अंगणासारखा उजळतां येतो. यांत साधनाचा अपराध नाहीं. न सांगतां तसें करणाऱ्याचा आहे.

सूर्याचेंहि तसेंच. ‘जेनस्काय’ महिना, दिवस व वेळ यांवरून आकाश रचतो. पण स्थळ न दिल्यास तो सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर धरून चालतो! शिवाय रेखांश पश्चिमेकडे धन मोजतो. समजा, ढाणकीच्या (ता. उमरखेड, जि. यवतमाळ) परिसरांतील एखाद्या मंडपाचें दृश्य करावयाचें आहे. अक्षांश सुमारे १९॥ उत्तर व रेखांश सुमारे ७८ पूर्व. रेखांशास व प्रमाणवेळेच्या ८२॥ अंशांस ऋणचिन्ह न दिल्यास वऱ्हाडच्या देवळावर भलत्याच मुलखाचें ऊन पडेल. येथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १८ मिनिटें मागें असते, हेंहि ध्यानीं असावें. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारख्या प्रश्नांत मावळत्या सूर्याच्या कांहीं मिनिटांवरच सर्व निर्णय असतो.

परंतु खरा धोका याहून खोल आहे. उजेडाचें गणित बिनचूक असल्यामुळें आकाराविषयींची कल्पनाहि बिनचूक वाटूं लागते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचें शिखर आज पूर्ण स्वरूपांत नाहीं. तें कोणीं चितारल्यास त्यावरील ऊन शास्त्रशुद्ध असेल. शिखर मात्र अनुमानाचें. हेन्री कझिन्स यांच्या १९३१ च्या ग्रंथांत दख्खनच्या मध्ययुगीन देवळांचे नकाशे आहेत. त्यांवरून तुलना करतां येते, पण तुलना म्हणजे प्रत्यक्ष अवशेष नव्हे. बखरींतील मजकूर अस्सल पत्रांत मिसळून छापावा, तसाच हा प्रकार. आणि बखरीनें निदान दगड तरी हालत नाहीं. चित्र मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहांत नकाशा ठरूं शकतें. हेमाडपंती म्हणविणाऱ्या देवळांचा मूळ चिरा एकदां निघाला कीं पुरावा कायमचा गेला.

यास उपाय या साधनांतच आहे. पृष्ठभागाचें नांव आपणच द्यावयाचें असल्यानें त्याच्या आरंभीं पुराव्याची खूण घालावी : विद्यमान, लेखी आधाराचा, तुलनेनें ठरविलेला, केवळ कल्पित. मग ‘ट्रेस’ करणाऱ्या परीक्षकास प्रत्येक बिंदूखालीं कोणता आधार आहे तें तत्काळ कळेल. ‘#’ या चिन्हापुढें लिहिलेला मजकूर यंत्र वाचीत नाहीं. तेथें मोजणाऱ्याचें नांव, मिति व मापाचें साधन नोंदावें.

आमचें मत असें कीं, दृश्याचा मजकूर, दृष्टिकोनाची फाइल, परावर्तनाचे आकडे, एक्स्पोझर आणि स्थळकाळ एवढ्या गोष्टी सोबत नसतील, तर पुनर्रचित चित्र कोणत्याहि संशोधनपत्रिकेनें पुरावा म्हणून स्वीकारूं नये. शोभेचें चित्र म्हणून खुशाल छापावें. मजकूर हें अस्सल, चित्र ही त्याची एक नक्कल. नक्कल कितीहि सुंदर असली तरी निवाडा अस्सलावरूनच व्हावयाचा.