गाव पुसणारं भिंग

डोईफोडिया, खकनार, बऱ्हाणपूर, इकडे रावेर आणि जळगाव जामोद: आमच्या या मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या पट्ट्यात शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांचा आता तोटा नाही, आणि त्यांच्या फिल्म बघून बघून माझं डोकं उठलं आहे. आजी ओसरीवर कापूस साफ करत बसते, मागे पिवळा लगदा. नायक केळीच्या बागेत रडतो, मागे हिरवा लगदा. सातपुड्याचासुद्धा निळा लगदा. गालावरचं पाणी तेवढं स्पष्ट, बाकी गाव गायब. बघणारे म्हणतात, ‘काय सिनेमॅटिक काम आहे भाऊ!’ आणि परीक्षक उत्कृष्ट छायाचित्रणाचं बक्षीस देऊन मोकळे होतात.

रोग कुठून आला ते उघड आहे. 2008 साली कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फुल एचडी व्हिडिओ काढून दाखवला आणि पुढे असलेच कॅमेरे लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या बॅगेत आले. त्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे सिनेमाच्या नेहमीच्या चौकटीहून चांगलाच मोठा. त्यावर स्वस्तातली 50 एमएम लेन्स लावून तिचं अॅपर्चर 1.8 पर्यंत उघडलं, की दोन मीटरवरच्या माणसाभोवती जेमतेम 17 सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट राहते. नवरीच्या नथीला हे शोभतं. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे हात पुसणारा वाढपी हे सगळं झाकायचंच असतं. त्याचेच तर पैसे मिळतात. पण मांडवातली ही युक्ती गोष्टीत शिरली आणि तिने गोठा, वखर, बैल, पाण्याची टाकी, सगळंच झाकून टाकलं.

बरं, आमच्या उन्हात 1.8 झेपत तरी कुठे? उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावायचा कंटाळा, मग शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या घरात नेतात. हातपंपाचं पाणी तुटक तुटक पडतं, चालणारा माणूस ठेचकाळत चालल्याचा भास होतो, आणि यालाही ‘स्टाइल’ म्हणतात. ‘द क्रिएटर’ हा हॉलिवूडपट सोनीच्या एफएक्स-थ्री कॅमेऱ्यावर झाला म्हणून नवी बॉडी घ्यायला कर्ज काढणाऱ्यांना सांगण्यासारखंही माझ्याकडे काही नाही.

सांगायचं आहे ते दिग्दर्शिका रीमा दास यांच्याबद्दल. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा चित्रपट त्यांनी आसाममधल्या स्वतःच्या गावात, छायगावच्या बाजूला, कॅनन फाइव्ह-डीवर केला. कॅमेरा स्वतः धरला, संकलनही स्वतःच केलं, नटमंडळी गावातली पोरं. म्हणजे हाताशी असलेली यंत्रसामग्री जवळपास आपल्याच पोरांची. पण त्यांची नायिका धुनू झाडावर चढते तेव्हा ते झाड दिसतं. पूर येतो तेव्हा पाणी शेतात कुठवर आलं आणि आता या घरात काय उरणार, हे सांगायला संवाद लागत नाही. थर्मोकोलची गिटार हातात घेतलेली मुलगी आणि तिच्याभोवतीचा चिखल यांचं नातं तुटत नाही, म्हणून ती गिटार केविलवाणी वाटत नाही. त्या चिखलात तिला काय किंमत आहे ते कळतं. 2018 मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी याच चित्रपटाच्या जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी मल्लिका दास यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मात्र कुणी सांगत नाही. आवाजाकडे मी येतोच.

तसाच अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅन्ली का डब्बा’ (2011) अमोल गोळे यांनी कॅननच्या सेव्हन-डीवर टिपला. तिथे कॅमेरा लहान असल्याचा फायदा मुलांना झाला: त्यांच्यासमोर दडपण आणणारं धूड उभं नव्हतं. आणि मालेगाव? बऱ्हाणपूरसारखंच पॉवरलूमचं गाव. तिथे स्वतःचे सिनेमे, अगदी सुपरमॅनसुद्धा, करणाऱ्या नासिर शेख यांच्या मंडळींनी बैलगाडीची क्रेन केली, त्याचं कौतुक फैझा अहमद खान यांच्या माहितीपटापासून आतापर्यंत सगळे करतात. मला त्यांचा हँडीकॅम जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातली सेन्सरची चिप एवढीशी, की मनात आणलं तरी मागचं फारसं धूसर होत नव्हतं. त्यामुळे सुपरमॅन उडाला तरी मालेगाव चौकटीत राहिलं. आपल्या पोरांनी साधनांच्या गरिबीतून सुटका करून घेतली आणि नेमकं हेच गमावलं.

आणि त्यांनी पुरतं गमावलेलंही नाही. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली 18-55 ची किट लेन्स कपाटात पडून असते, तिला हात लावायची लाज वाटते. छोट्या सेन्सरच्या साध्या डीएसएलआरवर ती 18 वर ठेवा, अॅपर्चर 8 करा, फोकस दोन मीटरच्या थोडं पुढे लावा: साधारण एक मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. आजीही, ओसरीही, शेजारणीचं डोकावणंही. मात्र मग चौकटीत काय ठेवायचं आणि काय नाही ते ठरवावं लागतं. शेजारणीला सांगावं लागतं, बैल कुठे बांधायचा ते बघावं लागतं. ही दिग्दर्शनाची मेहनत आहे आणि 1.8 ती वाचवते. धूसर पार्श्वभूमीला काव्य म्हणणाऱ्यांनी आधी या आळसाचा हिशेब द्यावा.

आता आवाज. फाइव्ह-डी मार्क टूवर सुरुवातीला आवाजाची पातळी हाताने लावताच येत नव्हती; ती सोय 2010 च्या फर्मवेअरने आली. पण आमच्याकडे तेव्हापासून पडलेली सवय आजही तशीच: आवाज वाईट आला, मग पुसा आणि वर पियानो घाला. खकनार तालुक्यातल्या बाजारात एकाच दुकानासमोर मराठी, हिंदी आणि कोरकू कानावर पडते. एवढं ऐकू येणाऱ्या ठिकाणी राहून पियानो? चित्रातून जागा गेली, आवाजातून बोली गेली, तर ही फिल्म पुण्यातल्या एखाद्या टेकडीवर का केली नाही? पुढची लेन्स घ्यायच्या आधी एक बरा माइक आणि वेगळा रेकॉर्डर घ्या. आणि परीक्षकांनो, ‘छायाचित्रण उत्तम’ असा शेरा मारण्याआधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा गाव ओळखता आलं नाही, तर बक्षीस राखून ठेवा.