ज्याला जे वाटेल ते?

अमूर्त चित्रासमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या माणसाने ‘यात आहे काय?’ असे विचारले, की ‘ज्याला जे वाटेल ते’ असे सांगून त्याची बोळवण केली जाते. त्याचा प्रश्न रास्त असतो. उत्तर मात्र दिसायला उदार आणि प्रत्यक्षात आळशी असते. चित्रकाराने इंचाइंचावर निर्णय घेतलेला असेल, तर पाहणाऱ्याने मनाला येईल ते पाहून कसे भागेल? शतकभरात अमूर्त चित्रकलेने जे कमावले ते अशा निर्णयांच्या बळावर. आज तिच्यात जो सैलपणा जाणवतो, तोही निर्णय टाळण्यातूनच आला आहे.

चित्रातली वस्तू काही एका रात्रीत नाहीशी झाली नाही. डच चित्रकार पीट मोंद्रियान याची झाडे ओळीने पाहावीत. १९०८च्या सुमारास हाती घेतलेले त्याचे लाल झाड निळ्या अवकाशात वेडेवाकडे पसरलेले आहे, पण ते झाडच आहे. १९११च्या करड्या झाडात रंग आटतो. फांद्यांच्या कमानी होतात आणि दोन फांद्यांमधली मोकळी जागाही फांदीइतक्याच जाड फटकाऱ्यांनी रंगवली जाते. पुढे काय आणि मागे काय, हा भेद पुसट होतो. पुढच्या वर्षीच्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात जवळपास कमानींची जाळीच उरते. आणखी दशकभरात वक्र रेषाही जातात आणि उभ्या-आडव्या काळ्या पट्ट्यांमध्ये लाल, पिवळा, निळा एवढाच ऐवज राहतो. कांडिन्स्की संगीताचा हात धरून अमूर्ताकडे गेला. मालेविचने १९१५मध्ये काळा चौकोन मांडला. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६पासूनच अशी चित्रे करत होती, पण जगाला ती कळायला अनेक दशके लागली. वाटा निराळ्या असल्या, तरी वस्तू काढता येत नाही म्हणून यांपैकी कोणीच ती सोडली नाही.

मुंबईत ही गोष्ट जे. जे. स्कूलच्या वर्गांतून पुढे गेली. मूळचे गोव्याचे, नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९४८मध्ये तिथून पदविका घेऊन बाहेर पडले. लघुचित्रांची रेषा आणि पॉल क्लेची आकारभाषा पचवत, १९५०चे दशक सरता सरता त्यांनी मानवाकृतीचा निरोप घेतला. त्यांच्या अबोलपणाच्या आणि झेनच्या ओढीच्या गोष्टी इतक्यांदा सांगितल्या जातात, की त्यांचे हात काय करत होते हे मागेच पडते. ते रोलरने रंग पसरत, सुरीने खरवडत. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून उचलत आणि रंगाबरोबर काय निघून येते, काय मागे राहते ते पाहत. पारदर्शक थरांवर थर चढत आणि खालचा उजेड वरच्या थरातून पाझरत असे. त्यांच्या चित्रांतली प्रसिद्ध शांतता या खटपटीतून आलेली आहे. तिला नुसते ध्यान म्हटले, की त्यांच्या कारागिरीवर अन्याय होतो.

इतरांचे मार्गही असेच स्वतंत्र. अकोल्यात जन्मून पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले अंबादास यांनी वळसे घेणारा फटकारा हाच विषय केला. नसरीन मोहम्मदी यांनी रंग जवळजवळ वर्ज्य करून आरेखनाच्या उपकरणांनी कागदावर रेषा ओढल्या. दोन रेषांमधले अंतर किंचित बदलले की अख्खा कागद कलतो. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत घड्याळ, पान अशा वस्तू राहिल्या, पण त्यांच्यामधला अवकाश अमूर्ताच्या शिस्तीने बांधलेला आहे. प्रभाकर कोलते एका रंगाने बहुतेक कॅनव्हास व्यापतात आणि त्याखालून काय, किती डोकावू द्यायचे ते ठरवतात.

मग आजचे काय? २०१३मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक रुपये मिळाले. पाठोपाठ न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. नाव सर्वतोमुखी झाले, नजर मात्र तितकी तयार झाली नाही. काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत चक्कर मारली, तर सुरीने काढलेले जाड पोत, मध्यभागी एखादे वर्तुळ, कोपऱ्यात सोनेरी वर्ख आणि शेजारी ‘शून्य’, ‘अंतर्नाद’ अशा थाटाचे शीर्षक हा ऐवज वारंवार भेटतो. वर्तुळामागे चित्रकार रझांचा बिंदू असतो; पण त्या बिंदूपर्यंत पोहोचताना रझांनी अर्धे आयुष्य निसर्गचित्रात घालवले, ती वाटचाल नसते. चित्र जिथे थकते तिथे चित्रकाराचे लेखी निवेदन बोलू लागते आणि समीक्षकही त्या निवेदनाचेच वाक्य उचलून मोकळे होतात.

यावर उपाय साधा आहे: डोळ्यांना कामाला लावावे. आधी लांबून पाहावे, मग अगदी जवळ जावे. कोणता रंग आधी लागला, कोणता नंतर? कडेला आकार कापला गेला आहे की मुद्दाम थांबवला आहे? तळहाताने एखादा भाग झाकून पाहावा. चित्राचा तोल ढळत नसेल, तर तो भाग तिथे का आहे हे विचारावे. शीर्षक आणि निवेदन सगळ्यात शेवटी वाचावे. मनात समुद्र, पाऊस, जुनी भिंत उमटली तर उमटू द्यावी, पण तिथेच न थांबता ती कोणत्या रंगामुळे, कोणत्या पोतामुळे उमटली ते शोधावे.

अशा पाहण्यात काही चित्रे उघडी पडतील, त्यांत मोठ्या सह्यांचीही असतील. पडू द्यावीत. ‘हा कोपरा नुसता भरलेला आहे’ असे कारणासकट सांगणारा प्रेक्षक समोर असला, की चित्रकारालाही कोपरा भरून सुटता येणार नाही.