दादर स्थानकातील फलाटांचे क्रमांकन

दादर येथे मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंचे फलाट पुलांनी जोडलेले आहेत. तथापि डिसेंबर २०२३ पर्यंत प्रत्येक रेल्वे आपल्या फलाटांची गणना स्वतंत्रपणे एकपासून करीत असे. परिणामी ‘फलाट क्रमांक एक’ ही संज्ञा एकाच स्थानकात द्व्यर्थी झाली होती. कार्यालयीन दृष्टीने तीत दोष नव्हता. संभ्रम पडे तो पुलावर उभ्या असलेल्या परगावच्या उतारूस. पुढे पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक कायम ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांस ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु क्रमांक बदलण्यास भिंत पाडावी लागत नाही; मग इतका विलंब का व्हावा? संकेताची कसोटी वाचणाऱ्याच्या ठायी लागते, हे तत्त्व योजनाकारांनी आरंभीच स्वीकारावयास हवे होते.