परतीचे कथन आणि त्याचा कर्ता

मराठी आत्मपर लेखनात परदेशी जाण्याच्या वर्णनांना निरोप, प्रवास, प्रथमदर्शन असे ठरीव टप्पे लाभलेले आहेत. परतणे मात्र बहुधा एका वाक्यात आटोपते. ‘अमुक साली आम्ही भारतात परतलो’ ह्या वाक्याकडे व्याकरणाच्या अंगाने पाहिले असता त्यात एक अडचण आढळते. ‘आम्ही’ हा कर्ता अनेकवचनी आहे. ‘परतणे’ ही क्रिया मात्र त्या अनेकवचनातील प्रत्येकाला सारखी लागू पडत नाही. कित्येक वर्षे परदेशी राहिलेले कुटुंब मायदेशी येते तेव्हा त्यातील कोण परततो, कोण प्रथमच येतो आणि कोण आपले गाव सोडतो, हे प्रश्न निवेदनाच्या एकसूरात बुजून जातात.

जयंत नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र (२०१२) ह्या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. साहित्य अकादमीने २०१४ साली ह्या ग्रंथास पुरस्कार दिला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही त्यातील चार नगरे. शीर्षकात ‘घर’ नाही, ‘गाव’ नाही. चार नगरे आहेत आणि ती एकाच पातळीवर मांडलेली आहेत. ही मांडणी प्रामाणिक आहे. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसचे. १९५७ साली ते केंब्रिजला गेले आणि १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. म्हणजे ज्या नगरातून ते गेले होते तेथे ते परतले नाहीत. ते ‘देशात’ परतले. आणि देश ही राहण्याची जागा नसून एक संकल्पना आहे. राहण्याचे नगर नवे होते.

मंगला नारळीकरांची स्थिती नेमकी उलटी होती. मुंबई विद्यापीठाच्या १९६२ व १९६४ सालच्या पदव्या आणि त्याच टाटा संस्थेतील आरंभीचे संशोधन, हे सारे १९६६ मधील विवाहापूर्वीचे. ‘परतणे’ हे क्रियापद वाच्यार्थाने कोणाला लागू पडत असेल तर ते त्यांना. गणितातील डॉक्टरेट त्यांनी १९८१ साली मिळवली. १९६४ साली सुरू झालेले संशोधन आणि ही पदवी यांमधील सतरा वर्षांत मुंबई-केंब्रिज आणि केंब्रिज-मुंबई अशी दोन स्थलांतरे सामावलेली आहेत. आणि ज्यांचे बालपण केंब्रिजमध्येच सुरू झाले त्या मुलींच्या बाजूने पाहिले, तर १९७२ ची घटना परतीची नसून प्रयाणाची ठरते. एकाच प्रवासाला तीन क्रियापदे लागतात. आत्मचरित्र त्यांतील एकच वापरू शकते. हा लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. ‘माझे विश्व’ ह्या शब्दांनी त्या साहित्यप्रकाराची मर्यादा प्रारंभीच मान्य केलेली आहे.

परतीचे दुसरे एक प्रतिरूप चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात सापडते. अभय आणि राणी बंग यांचे अमेरिकेतील वास्तव्य अल्प होते. येथे महत्त्व आहे ते परतीच्या दिशेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ साली परतल्यावर १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. अभय बंगांची जडणघडण वर्धा-सेवाग्रामची. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता आणि चंद्रपूरहून मूलमार्गे, वैनगंगा ओलांडून तेथे जाता येते. येथेही परतणे शब्दशः घडले ते पत्नीचे.

तथापि राणी बंग यांच्या लेखनात हे परतणे कथाविषय होत नाही. ‘गोईण’ म्हणजे मैत्रीण. त्या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रिया झाडांविषयी बोलतात. ‘कानोसा’त त्या शरीराविषयी आणि दुखण्यांविषयी बोलतात. दोन्ही शीर्षकांत बोलणाऱ्या ‘मी’पेक्षा ऐकणाऱ्या कानाला मान आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंग दांपत्याच्या शोधनिबंधात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती आणि त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. त्या आकड्यामागेही हेच ऐकणे आहे. येथे परत हा प्रसंग न राहता निवेदनाची रीत होते. अर्थात स्त्रियांचे हे बोलणे डॉक्टरच्या लेखणीतून वाचकापर्यंत येते, हेही नजरेआड करता येत नाही.

ज्या मूलवरून हा रस्ता जातो त्या भातपट्ट्यातील परतीचे काय? मूल, सावली, सिंदेवाही ह्या भागांतील मजूर कुटुंबे धानाची कापणी आटोपली की मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात आणि उन्हाळ्यात परततात. अनेकदा मुले बरोबर असतात. देश तोच, पण भाषा परकी, मुक्काम शेतावरचा. २०२० च्या टाळेबंदीत ही परतच अडली, तेव्हा तिची बातमी झाली. एरवी तिची नोंद असलीच तर शाळेच्या हजेरीपटावरील खाड्यांत असावी.

‘आम्ही परतलो’ हे वाक्य ह्या कुटुंबांच्या तोंडी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. नवरा, बायको, मुले सारी त्याच घरातून गेलेली असतात आणि त्याच घरी येतात. जेथे संहिता आहे तेथे क्रियापद कुटुंबातील सर्वांना पुरत नाही; जेथे ते सर्वांना पुरते तेथे संहिताच नाही. परतीच्या साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षेने ‘कोठून’ आणि ‘का’ ह्या प्रश्नांवर आजवर भर दिला. ‘कोण’ हा प्रश्न त्यांच्या आधी विचारला, तर विमानतळापाशी थांबणारी ही चर्चा मूलच्या बसस्थानकापर्यंत येऊ शकेल.