आहार्य आणि वय : विद्यार्थी-भयपटांतील किशोरी

भयपटातील किशोरीविषयीचे विवेचन आजवर प्रामुख्याने प्रेक्षकाच्या नजरेच्या अंगाने झाले आहे. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये एका निबंधात मांडलेली आणि पुढे ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ (१९९२) या ग्रंथात विस्ताराने आलेली ‘फायनल गर्ल’ची संकल्पना, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहून मारेकऱ्याला सामोरी जाणारी मुलगी, हीदेखील पुरुषप्रेक्षक या मुलीशी तादात्म्य कसे पावतो, याच प्रश्नाभोवती उभी आहे. ही मुलगी पडद्यावर कोणाच्या देहाने वावरते, तो देह किती वर्षांचा आहे, हा प्रश्न तेथे गौण राहतो. विद्यार्थ्यांनी, त्यांतही विद्यार्थिनींनी, केलेल्या लघुभयपटांचा विचार करू लागताच मात्र तोच आधी सोडवावा लागतो.

नाट्यशास्त्रात भूमिका आणि नट यांच्या संबंधावरून ज्या प्रकृती सांगितल्या आहेत, त्यांतील दोन येथे उपयोगी पडतात. नटाचे वय व लिंग भूमिकेशी जुळते ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका करावी ती विरूपा. अमेरिकन भयपटातील किशोरी या अर्थाने बहुधा विरूपा असते. ‘कॅरी’ (१९७६) मधील शाळकरी नायिका साकारताना सिसी स्पेसेक पंचविशीपलीकडे गेलेल्या होत्या. ‘हॅलोवीन’ (१९७८) मध्ये जेमी ली कर्टिस एकोणीस वर्षांच्या, तर त्यांच्या मैत्रिणी झालेल्या दोघी अभिनेत्री सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. यातली गंमत अशी की लांब स्कर्ट आणि पायमोजे घालणारी, भूमिकेच्या वयाला जवळची असणारी लॉरी जगते; प्रौढ देहाच्या दोघी मरतात. कामभावनेचा सारा भार प्रौढ देहांवर टाकून त्याची शिक्षा मात्र ‘किशोरी’ला द्यावयाची, ही सोय पात्रनिवडीने केलेली आहे.

आता विद्यार्थी-भयपट. ब्रिटनमध्ये २००८ पासून सुमारे दशकभर चाललेल्या ओसीआर परीक्षामंडळाच्या माध्यम-अभ्यासक्रमात सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना एका नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची, चित्रित करण्याचा पर्याय असे. भयपट हा त्यांचा आवडता प्रकार होता. येथे पात्रनिवड अशी फारशी नसतेच. शाळा सुटल्यावर थांबू शकेल ती मैत्रीण नायिका होते. व्यावसायिक चित्रपटाला न साधलेली अनुरूपा प्रकृती येथे निव्वळ नाइलाजाने साधते. म्हणजे किशोरीचे प्रतिरूपण अखेर किशोरीच्या हाती आले, असे वाटण्याजोगी ही स्थिती आहे.

परंतु याच ठिकाणी आहार्य आडवे येते. पांढरा, पायघोळ नाइटगाऊन, मोकळे सोडलेले केस, अनवाणी पाय. नाहीतर शाळेचा गणवेश. ब्रिटनमधील या वयाच्या अनेक वर्गांना गणवेश नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेशाचे कार्य उघड होते. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचे रोजचे कपडे उतरवून पडद्यापुरती लहान होते. व्यावसायिक चित्रपट प्रौढ देहावर कैशोर्याचा वेश चढवतो. विद्यार्थी-चित्रपट प्रत्यक्ष किशोरीवर त्याच वेशाची नक्कल चढवतो. देह खरा, वय खरे, आणि तरीही दिसते ते उसने कैशोर्यच. स्वतःविषयी बोलावयाचे तर लिपी दुसऱ्यांनी घडवलेलीच वापरावी लागते, हा अनुभव स्त्रीवादी समीक्षेला अपरिचित नाही. पण येथे तो शब्दांत नव्हे तर कापडात घडतो, म्हणून नजरेतून निसटतो.

त्यात भर घातली ती परीक्षापद्धतीने. आपली कृती विशिष्ट सामाजिक गटांचे प्रतिरूपण कसे करते, याचे उत्तर विद्यार्थ्याला नंतर द्यावे लागे. मग घरी सापडलेला पांढरा कपडा ‘निरागसतेचे चिन्ह’ ठरतो आणि उपलब्ध असलेली मैत्रीण ‘दुर्बलतेच्या रूढ साच्याचा जाणीवपूर्वक वापर’. योगायोगाला हेतूचे रूप देण्याची ही कला चिन्हमीमांसा शिकवणाऱ्या पुष्कळ वर्गांत, मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतसुद्धा, जोपासली जाते. तिने साचा ओळखता येतो. तो मोडण्याची गरज मात्र उरत नाही, कारण नाव दिल्याचेही गुण मिळतात.

परीक्षेबाहेरचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे एमिली हेगिन्स यांनी बाराव्या वर्षी ‘पॅथोजेन’ हा पूर्ण लांबीचा झोंबीपट चित्रित करावयास घेतला. तो २००६ मध्ये प्रदर्शित झाला. तांत्रिक दृष्ट्या तो ओबडधोबड आहे आणि त्याचे कौतुक करताना ते लपवण्याचे कारण नाही. परंतु त्यातील शाळकरी नायिका निरागसतेचे वा भोगाचे चिन्ह म्हणून उभी नाही. साथीशी झुंजणारी ती एक व्यक्ती आहे. तिच्या वयाची मुले तिच्या भोवती आहेत, त्यामुळे तिचे वय वेशाने सिद्ध करावे लागत नाही.

याउलट हाताशी कॅमेरा असूनही काय उरते, ते ‘जिंजर स्नॅप्स’ (२०००) या कॅनडातील चित्रपटाने आरंभीच दाखवले आहे. दोन बहिणी शाळेच्या प्रकल्पासाठी स्वतःच्याच मृत्यूची रचलेली छायाचित्रे वर्गात सादर करतात. येथेही विरूपा आहेच : धाकटी झालेल्या एमिली पर्किन्स थोरली झालेल्या कॅथरीन इझाबेल यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या. दोघींचे कपडे ढगळ, देह झाकून टाकणारे. मरणाची कल्पना, मांडणी, छायाचित्रण सारे त्यांचेच. शिक्षक ते पाहून हादरतो. बाकावरच्या मुलाची मागणी निराळीच असते : जिंजरची छायाचित्रे पुन्हा एकदा दाखवावीत.